चिनी अक्षरांची सराव-वही: क्रम आहे, दिशा नाही

चिनी अक्षरे रेषांच्या योग्य क्रमाने लिहिता यावीत म्हणून मी एक छापील सराव-वही घेतली आणि गेले तीन महिने रोज अर्धा तास ती गिरवते आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एका अक्षराची बांधणी टप्प्याटप्प्याने दाखवलेली असून प्रत्येक टप्प्यात नवी रेघ लाल आणि आधीच्या काळ्या छापल्या आहेत. त्याखाली गिरवण्यासाठी तीन फिकट नमुने आणि मग कोरी घरे येतात. घरांमध्ये उभ्या-आडव्या मध्यरेषांबरोबर दोन कर्णही आखलेले असल्यामुळे तिरकी रेघ कुठे सुटली आणि कुठे थांबली, हे चटकन जोखता येते.

या लाल रंगाची किंमत मला ‘तोंड’ या अर्थाच्या अक्षरापाशी कळली. दिसायला तो साधा चौकोन आहे आणि चौकोन म्हटला की आपला हात पेन न उचलता चारही बाजू फिरवून मोकळा होतो. पण चिनी लेखनात त्याला तीन रेघा लागतात, आधी डावीकडची उभी, मग वरून निघून कोपऱ्यात वळत उजवीकडे खाली उतरणारी सलग एक आणि शेवटी तळाची. आडवी आणि उभी एकमेकींना छेदत असतील, तर सहसा आडवी आधी काढतात, हा नियमही सुरुवातीला जड गेला, कारण आधी अक्षर आणि मग शिरोरेघ ही सवय हाताच्या हाडीमाशी खिळलेली असते. ‘देश’ या अक्षराचे पान सर्वांत चांगले जमले आहे. त्याच्या आठ रेघांपैकी दोन बाहेरच्या चौकटीच्या, पाच आतल्या ‘जेड’ (एक मौल्यवान दगड) या अक्षराच्या आणि तळाची आठवी सर्वांत शेवटी येते. माणसे आत गेल्यावरच दार लावायचे, अशा शब्दांत वहीने ते समजावले आहे.

मात्र याच पानामुळे वहीची मोठी चूक उघडी पडली. ‘राजा’ या अक्षरात तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी असते. चीनमध्ये दोन आडव्या, मग उभी आणि शेवटी तळाची आडवी असा क्रम मानतात, तर जपानमध्ये पहिल्या आडवीनंतर लगेच उभी काढतात. वहीने ‘राजा’च्या पानावर जपानी क्रम छापला आहे आणि ‘देश’च्या पानावर आतल्या ‘जेड’मध्ये येणारा तोच आकार चिनी क्रमाने काढून दाखवला आहे. दोन्ही क्रम आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. पण चीनमध्ये 8105 अक्षरांचा क्रम ठरवून देणारे प्रमाणक 1 मार्च 2021 पासून लागू आहे आणि प्रस्तावनेत चिनी प्रमाणकाचेच नाव घेतले असताना ही सरमिसळ खपवून घेण्यासारखी नाही.

दुसरी उणीव मला अधिक महागात पडली, ती म्हणजे बाण नसणे. ‘नदी’ या अक्षराच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब असतात. त्यांतील तिसरा खालून वर, उजवीकडे झटका देऊन काढायचा असतो, पण लाल रंगात छापलेली तिरकी रेघ वरून खाली आली की खालून वर गेली, हे नुसत्या चित्रावरून ओळखता येत नाही. मी तो थेंब कित्येक आठवडे उलटा काढत होते आणि फिकट नमुन्यावर तो बिनचूक बसत असल्यामुळे शंकाही आली नाही. जलद लिहिताना मात्र पेन खाली अडकू लागले, कारण ती रेघ वर जाते तीच मुळी पुढच्या रेघेच्या आरंभाकडे हात नेण्यासाठी.

अपवादांवरही वही गप्प आहे. ‘हे’ या अर्थाच्या अक्षरातील चालण्याचा घटक सर्वांत शेवटी लिहितात, तर ‘उठणे’ या अक्षरात डावीकडून खाली पसरणारा तसाच घटक आधी लिहितात. दोन्ही अक्षरे वहीत आहेत, त्यांच्यामध्ये चारच पाने आहेत आणि या फरकाबद्दल एक ओळही नाही.

कागद उत्तम आहे. जेल पेनची शाई मागे उमटत नाही. रेघांचे चलच्चित्र दाखवणारा शब्दकोश हाताशी असेल, तर ही वही जरूर घ्यावी आणि गिरवण्याआधी प्रत्येक तिरक्या रेघेवर पेन्सिलीने बाण काढून घ्यावा; केवळ वहीच्या भरवशावर शिकणाऱ्यांनी सुधारित आवृत्तीची वाट पाहावी.