उबुंटू आणि प्रोजेक्टर: लॅपटॉप चोख, केबल सांभाळा

सादरीकरणासाठी उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली आता बिनधास्त घ्यावी. एचडीएमआय जोडा, सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि पी एकत्र दाबा, ‘मिरर’ (दोन्ही पडद्यांवर तेच चित्र) निवडा, झालं. इम्प्रेस या लिबरऑफिसच्या सादरीकरण प्रोग्रॅममधली टिपणं फक्त वक्त्यालाच दिसायला हवीत, तर ‘जॉइन’ (दोन पडदे वेगवेगळे) निवडून एफ५ दाबा.

घोळ होतो तो जुन्या व्हीजीए केबलमुळे, म्हणजे एचडीएमआयच्या आधीच्या, १५ पिनांच्या चित्र-केबलमुळे. पणजी, वास्कोच्या खाऱ्या दमट हवेत पिना गंजतात. १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना टेकल्या नाहीत, तर लॅपटॉपला प्रोजेक्टरची माहितीच मिळत नाही. रिझोल्यूशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) बहुधा १०२४ × ७६८ वर अडकतं आणि १२८० × ८०० च्या प्रोजेक्टरवर अक्षरं पुसट होतात. अशा वेळी सेटिंग्जशी झटापट नको, आधी केबल बदला. लॅपटॉपला फक्त एचडीएमआय असेल, तर एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर सिग्नल बदलणारी चिप असलेलाच घ्या. व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून व्हिडिओसाठी ३.५ मिमीची ऑडिओ वायर वेगळी लागतेच.