ॲक्सेस पॉइंटचा मॅनेजमेंट व्हीलॅन: टॅग लावावा की नको?

ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) बसवताना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. त्याचा स्वतःचा मॅनेजमेंट ट्रॅफिक (त्याला सांभाळण्यासाठीची ये-जा) व्हीलॅनचा टॅग लावून न्यायचा की बिनटॅगचा, आणि त्याचा आयपी हाताने भरायचा की डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून, घ्यायचा. व्हीलॅन म्हणजे त्याच तारांवरचं वेगळं आभासी नेटवर्क, आणि टॅग म्हणजे फ्रेमवर (डेटाच्या पाकिटावर) लिहिलेला त्याचा क्रमांक. ‘वायफाय दिसतं पण चालत नाही’ या तक्रारीचा माग काढताना गाडी बरेचदा इथेच येऊन थांबते.

माझा कौल बिनटॅगकडे. नवा किंवा रीसेट मारलेला बहुतेक कुठलाही ॲक्सेस पॉइंट बिनटॅगच्या फ्रेममधूनच डीएचसीपीला हाक मारतो. स्विचच्या पोर्टवर मॅनेजमेंट व्हीलॅन नेटिव्ह, म्हणजे बिनटॅगच्या फ्रेम ज्यात जातात तो, असेल (काही स्विचवर त्याला पीव्हीआयडी म्हणतात), तर हाकेला ओ मिळते. तो टॅगने जात असेल तर हाक भलत्याच व्हीलॅनमध्ये जाते.

मी सांभाळत असलेल्या एका जागी मॅनेजमेंट व्हीलॅन २० होता, टॅग लावलेला. छताजवळचा एक ॲक्सेस पॉइंट अपडेटनंतर फॅक्टरी सेटिंगवर गेला. कंट्रोलरवर (सगळे ॲक्सेस पॉइंट सांभाळणारी यंत्रणा) लाल, पण स्विचवर लिंक हिरवी आणि पीओईही (केबलमधून मिळणारी वीज) चालू. स्विचचं मॅक टेबल (कुठला हार्डवेअर पत्ता कुठल्या व्हीलॅनमध्ये आहे त्याची यादी) उघडलं तर त्याचा पत्ता व्हीलॅन २० ऐवजी १ खाली दिसला. पोर्टचा नेटिव्ह २० केल्यावर स्वारी लगेच परतली. मग कंट्रोलरने टॅगचं जुनं कॉन्फिगरेशन त्याच्यावर ढकललं आणि तो पुन्हा गायब! पोर्ट पूर्ववत केल्यावर एकदाचा स्थिरावला. शिडी लागली नाही, एवढंच सुख.

टॅगच्या बाजूनेही बोलायला हवं. बिनटॅगच्या मांडणीत कुणी ॲक्सेस पॉइंटची केबल काढून लॅपटॉपला लावली, तर तो थेट मॅनेजमेंट नेटवर्कात. टॅग असेल तर नेटिव्ह जागी कुठेच न पोचणारा व्हीलॅन ठेवता येतो. मात्र टॅग म्हणजे कुलूप नव्हे. व्हीलॅनचे क्रमांक १ ते ४०९४ एवढेच, आणि लॅपटॉपलाही टॅग लावता येतो. केबल कुणाच्याही हाताशी येत असेल तर पोर्टवर ८०२.१एक्स (ओळख पटल्याशिवाय जोडू न देणारी तपासणी) लावा, फायरवॉलही आवळा.

आयपीच्या बाबतीत मला फारसा प्रश्न पडत नाही: डीएचसीपी रिझर्वेशन, म्हणजे सर्व्हरकडून त्या डब्याला कायम तोच आयपी. गेटवे बदलला तर एकाच जागी दुरुस्ती. हाताने भरलेला आयपी डीएचसीपी सर्व्हर बंद असतानाही टिकतो हे खरं, पण तो पूलच्या (डीएचसीपी वाटत असलेल्या पत्त्यांच्या) आतला निघाला तर दुसऱ्या कुणालाही तोच मिळू शकतो. मग ॲक्सेस पॉइंट कधी दिसतो, कधी नाही, आणि एआरपी टेबलमध्ये (आयपी आणि मॅकच्या जोड्यांची यादी) त्याच आयपीसमोर आलटून पालटून दोन मॅक येतात. मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये डीएचसीपीच नसेल आणि डबे दोन-तीनच असतील, तर स्थिर आयपी चालेल. तो पूलबाहेरचा ठेवा.

पण यातला कुठलाही पर्याय बदलण्याआधी बिघाड नक्की कुणाचा ते बघा. ॲक्सेस पॉइंट ऑनलाइन आहे आणि फोनला मात्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता (डीएचसीपीकडून उत्तर न आल्यावर स्वतःच घेतलेला) दिसतोय, तर मॅनेजमेंटला हात लावू नका. बहुधा त्या एसएसआयडीचा (वायफायच्या नावाचा) व्हीलॅन ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर) सोडलेला नाही, किंवा त्या व्हीलॅनसाठी डीएचसीपी रिले (हाक दुसऱ्या नेटवर्कातल्या सर्व्हरपर्यंत पोचवणारा) नाही. ट्रंक म्हणजे फक्त ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट नव्हे. वरच्या स्विचकडे जाणारा अपलिंकही तपासा, तिथेच विसरतं माणूस. फोनला मॅनेजमेंटच्याच रेंजमधला आयपी आला तर बहुधा एसएसआयडीला व्हीलॅन क्रमांक द्यायचा राहिलाय. याउलट वायफाय व्यवस्थित आणि कंट्रोलरवर ॲक्सेस पॉइंट लाल, तर वरच्या दोन निर्णयांकडे वळा.

फोनच्या बाबतीत दोष ट्रंकचा की डीएचसीपीचा हे कळत नसेल, तर त्याच स्विचचा एक मोकळा पोर्ट त्या व्हीलॅनमध्ये ॲक्सेस मोडला (एकच व्हीलॅन, तोही बिनटॅग) टाकून लॅपटॉप लावा. आयपी मिळाला तर अपलिंक, रिले, सर्व्हर सगळं ठीक आहे. गोंधळ ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवर किंवा त्याच्या एसएसआयडीत आहे.