क्रोम, एज की फायरफॉक्स? सेवा केंद्राच्या टेबलावरून

पीक विम्याचे दिवस आले की आमच्या केंद्राबाहेर सकाळी आठलाच चपलांचा ढीग लागतो. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, दोन संगणक, एक प्रिंटर, एक अंगठ्याचं मशीन. आसपासच्या गावांत नवीन केंद्र टाकणारी पोरं हमखास विचारतात, "दादा, ब्राउझर कोणता ठेवू?" त्यांच्यासाठी आणि घरच्या संगणकावर सातबारा काढणाऱ्या, पोरांचे अर्ज भरणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

आधी उत्तर सांगतो. विंडोज 10 किंवा 11 असेल तर रोजच्या कामाला एज आणि जोडीला फायरफॉक्स. फोन अँड्रॉइडचा असेल आणि पासवर्ड, बुकमार्क सगळं गूगल खात्यात असेल, तर एजच्या जागी क्रोम चालेल. पण दुसरा फायरफॉक्सच हवा. एज आणि क्रोम अशी जोडी ठेवून फारसा उपयोग नाही.

कारण या दोघांचं इंजिन, म्हणजे पान उघडून दाखवणारा आतला भाग, एकच आहे. क्रोम ज्या क्रोमियमवर चालतो, त्यावरच जानेवारी 2020 पासून एज आहे. ऑपेरा 2013 पासून त्याच वाटेनं गेला, ब्रेव्हही तिथलाच. बॉनेटचा रंग तेवढा वेगळा. त्यामुळे साइटच्या कोडमधल्या चुकीमुळे क्रोमवर फॉर्म अडकला असेल तर तो एजवरही बहुतेक अडकणारच. फायरफॉक्सचं गेको इंजिन वेगळं आहे, म्हणून खरी दुसरी तपासणी तिथंच होते. त्याच्याही आधी एक गोष्ट करा: त्याच ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून खाजगी विंडो उघडा आणि तिथं लॉगिन करून बघा. (फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी.) तिथं चाललं तर दोष साइटचा नाही, तुमच्याकडे साठलेल्या जुन्या कुकीचा (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेली बारीक नोंद) किंवा एखाद्या एक्स्टेंशनचा (ब्राउझरला वरून लावलेली जोड) आहे. निम्मी भानगड इथंच मिटते.

साइट चालण्याच्या बाबतीत क्रोम आणि एजचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. बनवणारे आधी क्रोमवर तपासतात. फायरफॉक्सवर काही पोर्टलांत तारखेचा रकाना नीट उघडत नाही, कुठं 'क्रोम वापरा' अशी पाटीच येते. म्हणून तो एकटा ठेवू नका.

मग क्रोम सोडून एज का? एक तर तो विंडोजसोबतच येतो. दुसरं, काही कचेऱ्यांच्या जुन्या साइट अजून इंटरनेट एक्सप्लोररच्या काळातल्या आहेत. एक्सप्लोरर 15 जून 2022 ला बंद झाला, पण एजमध्ये त्याचा मोड, म्हणजे जुनी साइट एक्सप्लोररसारखी उघडायची सोय, आहे आणि तो किमान 2029 पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय. सेटिंगमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर'मध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. ही सोय क्रोममध्येही नाही, फायरफॉक्समध्येही नाही. तिसरं कारण माझ्या मनाला फार जवळचं आहे: एज मराठी वाचून दाखवतो, आरोही आणि मनोहर अशा दोन आवाजांत. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत, असेल तर योजनेच्या अटी स्पीकरवर लावून देतो. ज्यांना वाचता येत नाही अशा आज्या स्वतःच्या कानानं ऐकतात आणि मग अंगठा देतात. जुन्या फॉन्टमधला किंवा स्कॅन केलेला कागद मात्र असा वाचला जात नाही.

अंगठ्याच्या मशीनचं वेगळं सांगतो. पान त्या मशीनशी थेट बोलत नाही. संगणकावर चालू असलेल्या आरडी सर्व्हिसशी, म्हणजे मशीनसाठी टाकलेल्या छोट्या प्रोग्रामशी, बोलतं. 2025 च्या अखेरीस आलेल्या क्रोमपासून अशा वेळी स्थानिक नेटवर्कसाठी परवानगी मागणारी चौकट येते. घाईत 'नको' दाबलं की 'डिव्हाइस सापडलं नाही' असा संदेश येत राहतो, आणि माणूस केबल काढून घालून दमतो. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबा आणि ती परवानगी पुन्हा द्या.

पावतीचं तसंच. गेल्या वर्षी एक बाप मुलीच्या परीक्षेची फी भरायला आला. पैसे कटले, पडदा पांढरा झाला. "दादा, पावतीच निघंना की," म्हणत त्यानं घरी फोन लावला, आणि तिकडं पोरीनं मोबाइलवरून दुसऱ्यांदा फी भरली. पावती पॉप-अपमध्ये, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या वेगळ्या विंडोत, उघडणार होती आणि क्रोमनं ती अडवली होती. खूण म्हणजे पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला एक बारीक चिन्ह, तिळाएवढं. फायरफॉक्स हेच पानाच्या वर आडवी पट्टी लावून सांगतो, ती नजरेतून सुटत नाही. त्या दिवसापासून पैसे भरायच्या प्रत्येक साइटला मी पॉप-अपची परवानगी आधीच देऊन ठेवतो.

प्रमाणपत्राच्या पीडीएफवर सहीपाशी पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून ब्राउझर बदलू नका. ती सही अडोबी रीडरमध्ये उघडून, सहीवर उजवं बटण दाबून तपासायची असते.

रॅम 4 जीबी असेल तर तिघांत फार फरक पडत नाही. उघडे टॅब किती, यावर सगळं ठरतं. एज न वापरलेले टॅब आपोआप झोपवतो, क्रोममध्ये मेमरी सेव्हर आहे. भाषांतराची सोय क्रोममध्ये उत्तम, पण फॉर्म भरताना ती बंद ठेवा. पानावरचे शब्द बदलले की कधी कधी 'सबमिट'चं बटणच दाबलं जात नाही.

अजून विंडोज 7 वर असाल तर क्रोम 2023 च्या सुरुवातीलाच 109 व्या आवृत्तीवर थांबलाय. फायरफॉक्सची 115 ही तिथली शेवटची. तिच्या ईएसआर (जास्त काळ सांभाळलं जाणारं) रूपाला फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं सुरक्षेसाठी पुढंही मुदत वाढवून दिली. पण अशा संगणकावर बँकेचं काम करू नका, ते फोनवर करा.

फोनवर क्रोम पुरेसा आहे. जाहिरातींनी पान भरून जात असेल तर अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्सला एक्स्टेंशन लावता येतात, क्रोमला नाहीत. आयफोनवर आपल्याकडे कोणताही ब्राउझर घ्या, आत सफारीचंच वेबकिट इंजिन चालतं; तिथं अडलेला फॉर्म घेऊन सरळ संगणकावर या.