कोर्टाजवळचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान : साडेतीन स्टार

सीबीएस बसस्टँडला उतरून जिल्हा न्यायालयाकडे निघालं की गल्लीत हे दुकान लागतं. बोर्ड पुसट झालाय, गर्दी बघून ओळखायचं. मी सात वर्षांचं गिऱ्हाईक. जून 2017च्या शेतकरी संपात रस्त्यावर बसलो, तेव्हापासून मी ‘आरोपी क्र. 9’. महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम 37(1)(3) सह 135, म्हणजे जमावबंदी मोडली. रस्त्यावर टाकलेला माल माझाच होता, दोन क्रेट टोमॅटो.

झेरॉक्स दोन रुपये, मराठी टायपिंग पानाला तीस. हजेरी माफीचा अर्ज काका न विचारता काढून देतात, तारीख तेवढी बदलायची. एकदा ‘शेतकरी’चं ‘शेककरी’ झालं, वकिलांनी तिथेच पेनने दुरुस्त केलं. पंखा नुसता आवाज करतो. दीड स्टार त्यापायीच गेला.

खरी किंमत काकांच्या बोलण्याची. आमच्या पुढच्या चौकातली केस मागे घेतली गेली, तिथे पुढारी बसला होता. आमची तशीच. मी चिडलो, तर काका म्हणाले, “भाऊ, सरकारला वाटलं म्हणून केस जात नाही. सरकारी वकिलाने अर्ज द्यायचा, कोर्टाने संमती द्यायची. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 321 होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 360. पण यादीत कोणाचं नाव घालायचं ते कोर्ट थोडंच ठरवतं? सत्ता फिरली की माझ्याकडे मसुदा तोच येतो, नावं तेवढी दुसरी.”

भिंतीवर टिळकांचा फोटो. 1908 साली राजद्रोहात सहा वर्षं, मंडालेला. काका त्याकडे बोट करून म्हणाले, “त्याच म्यानमारात 2021ला लष्कराने सत्ता घेतली आणि निवडून आलेल्या नेत्या आंग सान स्यू ची बाईंवर पहिला गुन्हा कसला लावला? बेकायदा वॉकीटॉकी आणल्याचा! मग एकेक खटला जोडत शिक्षा 33 वर्षांवर नेली. कोर्ट होतं, न्यायाधीश होते, निकालही लागले. आणि लोकांनी बंदुका उचलल्या, 2024 सरेपर्यंत निम्म्याहून जास्त मुलूख लष्कराच्या पूर्ण ताब्यात उरला नव्हता.” बोलताना हात थांबला नाही, माझ्या अर्जाला भोकं पाडून हिरवी टॅग ओवून झाली होती.

मी म्हटलं, आपल्याकडे तेवढं नाही. “नाही ना,” ते म्हणाले, “म्हणून तर तू तारखेला येतोस.”

सोमवारी जाऊ नका, रांग असते. फोनवरून पैसे चालतात; नेटवर्क नसलं तर वहीत लिहून ठेवतात, पुढच्या तारखेला द्यायचे.