रत्नागिरीतला फिजिओथेरपीचा उजळणी वर्ग: नर्व्ह पक्क्या, हृदय घाईत

पहिल्या वर्षाच्या उजळणीसाठी वर्ग चांगला, मुख्यतः नर्व्हसाठी. ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हचं जाळं (मणक्यातली मुळं सी५ ते टी१), रोज कोऱ्या कागदावर काढून घेतात. मग उदाहरण: माडावरून पडलेल्या पाडेल्याचा खांदा निखळलाय, हात बाजूला उचलवत नाही, दंडाची बाहेरची बाजू बधिर. दुखावली ॲक्सिलरी नर्व्ह, म्हणजे ती चालवते ते खांद्याचे स्नायू, डेल्टॉइड आणि टेरिस मायनर, तपासा. ट्रेंडेलेनबर्ग चाचणीतला (एका पायावर उभं करून कंबर पाहतात ती) नेहमीचा घोळही नीट सोडवतात: कंबर ज्या बाजूला खाली जाते ती बाजू दुबळी नव्हे, ज्या पायावर माणूस उभा आहे त्या बाजूचा ग्लुटिअस मीडियस (कुल्ल्याचा स्नायू) कमकुवत. हृदय-श्वसन मात्र दोन तासांत उरकतात, तेही जेवणानंतर! गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) कमी पडतात. आपला घेऊन जा.