हरित ठेव की नागरी सहकारी बँक? दोन्हीकडे पैसे ठेवून पाहिल्यावर

निफाडला मावसभावाच्या बागेत गारपिटीनंतर द्राक्षाच्या घडांचा जमिनीवर पडलेला सडा पाहिला, तेव्हापासून आपली पुंजी कुठे राबते हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. बँक आपलाच पैसा पुढे कर्जाऊ देते. तो कोळशाला गेला तर हवामान बिघडण्यात थोडा हात आपलाही. म्हणून निवृत्तीच्या पैशातून दोन ठेवी केल्या. एक मोठ्या व्यापारी बँकेची हरित ठेव (जिचा पैसा पर्यावरणपूरक कामांनाच द्यायचा असतो), दुसरी आमच्या नागरी सहकारी बँकेतली साधी मुदत ठेव.

कागदावर हरित ठेव भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. रिझर्व्ह बँकेची तिच्यासाठीची चौकट १ जून २०२३ पासून लागू आहे. पैसा अक्षय ऊर्जा, स्वच्छ वाहतूक अशा कामांनाच द्यायचा; कोळसा, तंबाखू, मद्य, अणुऊर्जा वगळायची; आणि विनियोगाची दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी करून घ्यायची. नागरी सहकारी बँका या चौकटीत येतच नाहीत. आमच्या बँकेकडे कार्बनचा हिशेब नाही, नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचं, साल नाही, हवामानावर धोरण म्हणून छापलेलं एक पानही नाही. ज्याला तपासलेला कागदच हवा, त्याने पुढे वाचलं नाही तरी चालेल.

माझं मन फिरलं ते एका साध्या प्रश्नावरून. हरित ठेवीची पावती घेताना विचारलं, ‘हे पैसे कुठे जाणार?’ काउंटरवरच्या मुलीने आदराने माहितीपत्रक दिलं, वर पवनचक्कीचं चित्र. सहा महिन्यांनी गेलो तर शाखाधिकारी बदललेले. नवे म्हणाले, ‘वेबसाइटवर रिपोर्ट आहे, काका.’ नातीकडून तो उघडून घेतला. देशभरची एकच मोठी रक्कम आणि खाली चार-पाच क्षेत्रांची नावं. तिसऱ्या खेपेला मुख्य कार्यालयाचा ई-मेल पत्ता मिळाला. तिथून आलेल्या उत्तरात त्याच रिपोर्टची लिंक होती. शाखेतल्या मुलांचा यात काही दोष नाही, त्यांनाही वर विचारायची सोय नसते. पण दीड वर्षात माझ्या प्रश्नाचं उत्तर देणारं माणूस मला भेटलं नाही, हे मनाला फार लागलं.

त्यातच कळलं की वगळण्याची यादी फक्त त्या ठेवींच्या पैशापुरती असते. बाकीच्या पैशातून तीच बँक कोळशाच्या प्रकल्पाला कर्ज देऊ शकते. ‘अमुक सालापर्यंत कार्बन न्यूट्रल’ अशी घोषणा वाचतानाही जपावं. पुष्कळदा तिच्यात शाखांची वीज, एसी आणि जनरेटरचं डिझेल एवढंच मोजलेलं असतं, कर्जातून होणारं उत्सर्जन बाहेरच राहतं. कंपन्यांकडून उत्सर्जनाची माहिती गोळा करणाऱ्या सीडीपी या संस्थेच्या २०२० च्या माहितीवरच्या अहवालात वित्तसंस्थांचं कर्ज-गुंतवणुकीतून होणारं उत्सर्जन त्यांच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या ७०० पटींहून जास्त भरलं होतं. शाखेत एलईडी दिवे लावले हे चांगलंच, पण खरा हिशेब कर्जवाटपात आहे.

आता आमची नागरी बँक. वार्षिक सभा गंगापूर रोडच्या एका मंगल कार्यालयात होती. अहवाल हातात होता, कर्जवाटपाच्या पानाला खूण घातलेली. उठून विचारलं, सौर पॅनलसाठी किती कर्जं दिली? अध्यक्षांनी व्यवस्थापकांकडे पाहिलं, त्यांनी वही उघडली आणि तिथल्या तिथे सांगितलं. आकडा लहानच होता. पण त्यातलं एक कर्ज सातपूरच्या पीठगिरणीचं निघालं, आणि त्या गिरणीच्या पत्र्यावरचे पॅनल आमच्या गच्चीवरून दिसतात. तीन किलोवॉटचा संच आपल्याकडे दिवसाला साधारण बारा युनिट देतो. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला तीन टनांच्या आसपास वाचतो. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रापुढे हे काहीच नाही, हे कळतं मला. तरी माझ्या पैशाने काय केलं ते तिथे मला डोळ्यांनी दिसतं.

सहकारात ठेवी अडकल्याच्या गोष्टी नाशिककराला सांगायला नकोत, त्यामुळे खबरदारी हवीच. बँकेतल्या ठेवींचा विमा मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच. मी त्याच्या आतच राहतो. पतसंस्थेच्या ठेवींना तर हा विमाही नाही, म्हणून पतसंस्था आणि नागरी बँक यांत गल्लत करू नका. अहवालातला एनपीए, म्हणजे थकलेल्या कर्जांचा आकडा, पाहिल्याशिवाय ठेव करू नका. आणि नुसत्या ठेवीने सभेत मत देण्याचा हक्क मिळत नाही, नाममात्र सभासदालाही नाही. बँकेचे भाग (शेअर) घेऊन नियमित सभासद व्हावं लागतं. मग भाग कितीही असोत, मत एकच.

रक्कम मोठी असेल किंवा सभेला जाणं जमणार नसेल, तर हरित ठेव वाईट म्हणणार नाही. माझी मात्र मार्चमध्ये मुदत संपली आणि मी ती पुढे चालवली नाही. ते पैसे सौ.च्या नावाने नागरी बँकेत ठेवले, तिलाही भाग घेऊन दिले. यंदाच्या सभेसाठी आम्ही दोघांनी लेखी प्रश्न दिला आहे: वाहनकर्जांत डिझेलची किती, विजेवरच्या गाड्यांची किती, आणि पुढच्या अहवालात हे आकडे वेगळे छापणार का?