आईच्या डोळ्यांची अँजिओग्राफी, नौपाडा, ठाणे

घरात कुणाला जुनी शुगर असेल आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली असेल, तर नौपाड्यातलं हे डोळ्याच्या पडद्याचं (रेटिनाचं) क्लिनिक मी खात्रीने सुचवीन. ठाणे स्टेशनवरून चालत येता येतं. घरी परतताना मात्र रिक्षाच करा. तपासणीसाठी घातलेल्या थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, उन्हात डोळे उघडवत नाहीत.

अँजिओग्राफी म्हटल्यावर आईला हृदयाचीच वाटली, ती घाबरली. तिथल्या मॅडमनी नीट समजावलं: हाताच्या शिरेत फ्लुरोसीन नावाचा केशरी रंग सोडायचा, बाकी काही नाही. दमा, ॲलर्जी, किडनीचं सगळं आधी विचारलं, क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट पाहिला. गंभीर रिॲक्शन क्वचितच येते, तरी तिच्यावरची इंजेक्शनं ट्रेमध्ये काढून ठेवली होती. आधी एका ठिकाणी गेलो होतो, तिथे एक शब्द न बोलता फॉर्मवर सही घेत होते. आम्ही परत फिरलो.

निळ्या प्रकाशात हा रंग हिरवा चमकतो आणि कॅमेऱ्याचा फिल्टर तेवढाच प्रकाश आत घेतो. मला मागे उभं राहू दिलं. रंग सोडल्यावर दहा-पंधरा सेकंदांत काळ्या स्क्रीनवर आईच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्या पांढऱ्याशुभ्र उमटायला लागल्या, आधी धमन्या, मग शिरा. बारीक फुगवट्यांचे ठिपके दिसत होते. त्यातले मध्याजवळचे दोन हळूहळू पसरून धुरकट झाले. “इथून गळतंय, म्हणून सूज आहे,” डॉक्टर म्हणाले. रंगाशिवाय, नुसत्या प्रकाशाच्या स्कॅनने होणारी ओसीटी अँजिओग्राफी आईची आधी झाली होती. तिच्यात रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, गळती अशी दिसत नाही, हे त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून आईलाच दाखवलं. पेशंटशी बोलणारे डॉक्टर मला फार मोलाचे वाटतात.

मध्ये आईला मळमळलं. सिस्टरनी हात धरून दीर्घ श्वास घ्यायला लावला, लगेच बरं वाटलं. कातडी काही तास पिवळट आणि लघवी दुसऱ्या दिवसापर्यंत गडद पिवळी होईल, हे मराठीत छापून दिलं होतं. नाहीतर घरी कावीळ समजून धावपळ झाली असती.

दोन गोष्टी सुधारायला हव्यात. थेंब घातलेल्यांना बसवतात तिथली ट्यूबलाइट थेट डोळ्यांवर येते. आणि रिपोर्टमधले फोटो कागदावर फिके येतात, तेव्हा पेनड्राइव्ह घेऊन जा आणि मूळ फोटो मागून घ्या. मागितले की देतात.